परीक्षा मुंबईची, नजर इंदूरची

राजवाड्यासमोरील बागेत, अहिल्यादेवींच्या पुतळ्याच्या आसपास, सकाळच्या उन्हात चित्रकलेचे काही विद्यार्थी मांडीवर फळी घेऊन बसलेले अधूनमधून दिसतात. खाली तीन मजले दगडी आणि वर चार मजले लाकडी असा तो सातमजली वाडा त्यांच्यासमोर असतो. कोणी सज्जांची मोजणी करतो, कोणी दरवाजाच्या कमानीत पडलेली सावली पकडू पाहतो, तर कोणाचे लक्ष वाड्याकडे नसून फुगेवाल्याकडे असते. तेथून थोडे चालत गेले की खजुरी बाजार लागतो. तेथील पुस्तकांच्या दुकानांत परीक्षेच्या मोसमात विद्यार्थ्यांची वेगळीच गर्दी असते. त्यांना हवी असतात गाइडे, संभाव्य प्रश्नांचे संच आणि तयार उत्तरे. दोन्ही ठिकाणी मुले एकाच वयाची, बहुधा एकाच शहराची. परंतु एका ठिकाणी ती काहीतरी पाहत असतात आणि दुसऱ्या ठिकाणी कोणीतरी आधीच पाहून ठेवलेले विकत घेत असतात. या दोन ठिकाणांमधील अंतर पायी काही मिनिटांचे आहे. आमच्या महाविद्यालयीन शिक्षणाला मात्र ते अद्याप ओलांडता आलेले नाही, असे आम्हांस वाटते.

हा विषय आज काढण्यास निमित्त आहे. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण मध्य प्रदेशात पदवी स्तरावर २०२१-२२ च्या सत्रापासून लागू झाले. वार्षिक लेखी परीक्षेच्या जोडीला प्रकल्प, क्षेत्रकार्य, अंतर्गत मूल्यमापन यांना त्यात स्थान मिळाले आणि 'विद्यार्थ्यांच्या सर्जनशीलतेला वाव' हे शब्द व्याख्यानांतून व परिपत्रकांतून वारंवार ऐकू येऊ लागले. शब्द चांगले आहेत, हेतूविषयीही आमची शंका नाही. शंका आहे ती या शब्दांचा अर्थ आम्ही शिक्षक, पालक आणि साहित्यसंस्थांचे कार्यकर्ते काय लावतो याविषयी. प्रकल्प म्हणजे रंगीत मुखपृष्ठाची फाइल, आत इकडून तिकडून उतरवलेला मजकूर, आरंभी ऋणनिर्देश आणि शेवटी प्राध्यापकांची स्वाक्षरी, असा एक साचा अल्पावधीत तयार झाला. गाइड पाठ करण्याऐवजी फाइल तयार करणे, एवढाच जर फरक पडणार असेल, तर त्यास सर्जनशीलता म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान होय.

आमच्याकडे या शब्दाचे दोन चुकीचे अर्थ रूढ आहेत. पहिला अर्थ सजावटीचा. निबंधाच्या आरंभी सुभाषित, मध्ये दोन कवींच्या ओळी, शेवटी उद्बोधक वाक्य, की निबंध 'कल्पक' ठरला. दुसरा अर्थ मोकळिकीचा. विद्यार्थ्यास काहीही करू द्यावे, नियम सांगू नयेत, चूक दाखवू नये, म्हणजे त्याची प्रतिभा आपोआप उमलेल. पहिल्या अर्थाने अभ्यासक्रम जसाच्या तसा राहतो आणि त्याला झालर लागते. दुसऱ्या अर्थाने अभ्यासक्रमच नाहीसा होतो. अभ्यासक्रम तोच असावा, त्याची शिस्तही असावी, आणि तरीही त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक विद्यार्थी वेगळा असावा, असे घडू शकते काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. ते आमच्याच शहरात सापडते.

दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी होळकर संस्थानच्या आश्रयाने १९२७ मध्ये इंदुरात चित्रकलेचे विद्यालय सुरू केले. त्या काळी पश्चिम भारतात चित्रकलेच्या शिक्षणाचे प्रमाण मुंबईच्या सर जे. जे. स्कूलने ठरवलेले होते. १८५७ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेच्या शिक्षणाला शिस्त होती, परंपरा होती, सरकारी मान्यता होती. इंदूरचे विद्यार्थी परीक्षेला बसत ते मुंबईच्याच. म्हणजे अभ्यासक्रम देवळालीकरांच्या हाती नव्हता, प्रश्न त्यांचे नव्हते आणि परीक्षकही त्यांचे नव्हते. आज आमचा एखादा प्राध्यापक ज्या अडचणींची तक्रार करतो, त्या सर्व अडचणी त्यांच्यापुढे होत्या. किंबहुना अधिकच होत्या, कारण परीक्षा घेणारे शहर शेकडो मैल दूर होते.

देवळालीकरांनी त्या परीक्षेशी भांडण मांडले नाही. अचूक रेखन, मानवाकृती, छायाप्रकाश, रंगांचे मिश्रण ही सर्व तयारी त्यांनी विद्यार्थ्यांकडून करून घेतली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर नेले. उघड्यावर बसून निसर्गचित्र रंगवणे हे या शाळेचे लक्षण ठरले. माळव्यातील ऊन, घाट, गल्ल्या, झाडांच्या सावल्या यांकडे पाहून रंग लावावयाचा, तर तो पुस्तकातील नियमाने लावून चालत नाही. सावली काळी असते हा नियम उन्हात बसल्यावर टिकत नाही. ती कधी निळी दिसते, कधी जांभळी. ज्याने हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्याला पुढे कोणताही नियम तपासून घेण्याची सवय लागते. इंदूरच्या चित्रकारांच्या निसर्गचित्रांतील मोकळ्या रंगलेपनाचा उल्लेख कलासमीक्षक करीत आले आहेत. आमच्या मते ती केवळ शैली नव्हती. प्रत्यक्ष पाहण्याच्या सक्तीचा तो परिणाम होता. परीक्षा मुंबईची होती, नजर इंदूरची होती.

आता या शाळेत शिकलेल्यांकडे पाहावे. नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०–१९९२) याच शहरात जन्मले, येथेच शिकले आणि १९३३ मध्ये मुंबईची सरकारी पदविका मिळवून पुढे भारतीय चित्रकलेतील रंगांचे एक श्रेष्ठ जाणकार ठरले. देवकृष्ण जटाशंकर जोशी (१९११–१९८४) महेश्वरचे. त्यांनी आपली चित्रकला माळवा व निमाड यांच्या भूमीशी बांधून ठेवली. पंढरपुरास जन्मलेले आणि इंदुरात वाढलेले मकबूल फिदा हुसेन (१९१५–२०११) येथील सायंवर्गाला काही काळ येत. पुढे मुंबईत सिनेमाचे फलक रंगवता रंगवता ते कोठवर पोहोचले हे सांगावयास नको. विष्णू चिंचाळकर (१९१७–२०००), ज्यांना सारे इंदूर 'गुरुजी' म्हणून ओळखत असे, त्यांनी तर पुढे रंग आणि कुंचला यांवरची भिस्तच कमी केली. वाळलेले पान, झाडाची साल, मूळ, फुटका तुकडा यांत दडलेला आकार ओळखणे आणि कमीत कमी हात लावून तो इतरांस दाखवणे, ही त्यांची कला झाली.

या चौघांची कामे शेजारी शेजारी ठेवली तर ते एका गुरूचे विद्यार्थी आहेत असे कोणी म्हणणार नाही. आमच्या मते शिक्षणातील सर्जनशीलतेची हीच सर्वांत भरवशाची कसोटी आहे. एकाच वर्गातून निघालेली मुले एकमेकांसारखी दिसत असतील, आणि त्याहून वाईट म्हणजे आपल्या गुरूसारखी दिसत असतील, तर तेथे कौशल्य शिकवले गेले असेल, निर्मिती शिकवली गेलेली नसेल. ज्याचे विद्यार्थी त्याच्यासारखे झाले नाहीत, असा तो शिक्षक होता, यापेक्षा मोठी प्रशस्ती देवळालीकरांची करता येणार नाही. शहरातील कलावीथिकेला त्यांचे नाव दिले गेले ते योग्यच झाले. परंतु त्यांच्या पद्धतीला आम्ही चित्रकलेच्या बाहेर कोठे स्थान दिले, हा प्रश्न उरतोच.

यावर कोणी म्हणेल की बेंद्रे आणि हुसेन कोठेही शिकले असते तरी मोठेच झाले असते. असामान्यांच्या उदाहरणावरून शाळेचे मोल ठरवू नये. हा आक्षेप आम्ही मान्य करतो, पण अर्धाच. प्रतिभा शाळा देत नाही हे खरे. मात्र शाळा ती दडपू शकते, हेही तितकेच खरे आहे, आणि ते तर आपण सर्वांनी पाहिलेले आहे. शिवाय पद्धत एखाद्या प्रतिभावंतापुरतीच होती की ती इतरत्र रुजू शकते, हे पाहण्यास बेंद्र्यांच्याच आयुष्याचा उत्तरार्ध उपलब्ध आहे.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये ललित कला विद्याशाखा सुरू झाली, तेव्हा बेंद्रे तेथे चित्रकला शिकवण्यास गेले. श्रीमती हंसा मेहता या त्या वेळी कुलगुरू होत्या. चित्रकलेला पदविकेच्या कक्षेतून काढून विद्यापीठाच्या पदवीत आणण्याचा हा देशातील आरंभीचा व महत्त्वाचा प्रयत्न होता. विद्यापीठ म्हटले की अभ्यासपत्रिका आल्या, गुण आले, सत्रे आली. सर्जनशीलतेचा जीव गुदमरावयास एवढे पुरेसे असते. परंतु बेंद्रे विद्यार्थ्यांमध्ये स्वतः चित्र रंगवीत असत. शिक्षक समोर उभा राहून सांगत नाही, तर शेजारी बसून करतो. त्याचा हात चुकतो, तो रंग पुसतो, पुन्हा लावतो, आणि हे सर्व विद्यार्थी पाहतात. १९५६ मध्ये 'बडोदा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स' स्थापन झाला तेव्हा त्यात बेंद्रे आणि त्यांचे विद्यार्थी एकत्र होते. पुढे १९५९ मध्ये ते अधिष्ठाता झाले आणि १९६६ मध्ये त्यांनी बडोदे सोडले.

तेथील विद्यार्थ्यांना आमची वरील कसोटी लावून पाहावी. ज्योती भट्ट मुद्राचित्रणाकडे आणि लोककलेच्या छायाचित्रणाकडे वळले. शांती दवे यांनी अमूर्त चित्राचा मार्ग धरला. गुलाममोहम्मद शेख कथनपर चित्रकलेकडे गेले आणि गुजरातीत कवी म्हणूनही नावाजले. हिम्मत शाह यांनी मातीला हात घातला. येथेही कोणी कोणासारखा नाही. इंदुरात जे एका शिक्षकाने संस्थानी शाळेत केले, ते बडोद्यात विद्यापीठाच्या चौकटीत होऊ शकले. त्यात शंखो चौधरी यांच्यासारख्या शांतिनिकेतनातून आलेल्या सहकाऱ्यांचा वाटा होता, हे नमूद केले पाहिजे. परंतु इंदूरचे बीज त्यात होते, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

चित्रकलेचे ठीक आहे, पण भाषा, इतिहास, वाणिज्य यांचे काय, असा पुढचा प्रश्न येईल. तेथे आमच्याच समाजातील गजानन माधव मुक्तिबोधांची आठवण होते. मराठी घरात जन्मलेला हा कवी हिंदीत लिहिता झाला आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीतच राहिले. माळव्यातील मराठी कुटुंबांची ही द्विभाषिक गोष्ट आपल्या वाचकांस परकी नाही. गजानन माधव १९३० मध्ये मिडलच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाले होते. १९३८ मध्ये ते इंदूरच्या होळकर कॉलेजातून बी. ए. झाले आणि अवघ्या पाच वर्षांनी, १९४३ साली, 'तार सप्तक'मध्ये त्यांच्या कविता आल्या. पुढे त्यांनी 'भारत : इतिहास और संस्कृति' हे विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहिले, आणि १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने त्यावर बंदी घातली. या घटनेची राजकीय बाजू बाजूस ठेवली तरी एक गोष्ट शिल्लक राहते. एखाद्या समर्थ लेखकाने पाठ्यपुस्तक स्वतःच्या नजरेने लिहावे, हेच आमच्या व्यवस्थेला जड जाते. पाठ्यपुस्तकाच्या लेखकाला जी मुभा नाही, ती विद्यार्थ्याला मिळेल अशी अपेक्षा कशी करावी?

व्यवस्थेला दोष देणे सोपे आहे. आमच्या स्वतःच्या हातून जे घडले ते सांगितल्यावाचून या लेखास प्रामाणिकपणा येणार नाही. आम्ही अनेक वर्षे एका महाविद्यालयात मराठी शिकवली. एका वर्षी स्वाध्याय म्हणून 'घरातील एक जुनी वस्तू' हा विषय दिला होता. एका विद्यार्थिनीने आजीच्या पाट्या-वरवंट्यावर लिहिले. पाटा टाकी लावून घेण्यासाठी कोणाला बोलवावयाचे, आजी वाटता वाटता काय बोलत असे, आणि मिक्सर आल्यावर तोच पाटा अंगणात नळाखाली पाय धुण्याचा दगड कसा झाला, एवढेच त्यात होते. आजीची वाक्ये तिने तशीच उतरवली होती : 'काय करून राहिली', 'सब्जी आणली का'. आम्ही लाल शाईने ती सर्व वाक्ये खोडली, समासात 'अशुद्ध, हिंदीचा प्रभाव' असा शेरा दिला आणि उत्तीर्ण होण्यापुरते गुण दिले. त्या वर्गात सर्वाधिक गुण आम्ही ज्या निबंधास दिले, त्यात देवघरातील समईवर संस्कृतीचे ओघवते निरूपण होते. काही दिवसांनी तेच निरूपण आणखी दोन वह्यांत अक्षरशः आढळले. त्या मुलीने पुढच्या वर्षी मराठी विषय घेतला नाही.

तिने लिहिलेली ती भाषा म्हणजे आमच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या या भूमीत राहून घडवलेली मराठी होती. ती कोणत्याही पुस्तकात नव्हती, गाइडात असणे तर शक्यच नव्हते. ती त्या आजीच्या तोंडी होती आणि त्या वहीत आली होती. आम्ही तिला पुणेरी व्याकरणाच्या काट्यावर तोलले. देवळालीकरांनी मुंबईची परीक्षा पार करवूनही इंदूरची नजर राखली. आम्ही व्याकरण राखले आणि नजर गमावली. शुद्धलेखन शिकवू नये असे आमचे म्हणणे नाही. निवेदन प्रमाण मराठीत असावे आणि आजीने आजीच्याच भाषेत बोलावे, हा साधा भेद तिला समजावून सांगता आला असता. तो आम्हालाच सुचला नाही.

आमच्या साहित्यसंस्थाही या दोषापासून मुक्त नाहीत. आम्ही निबंधस्पर्धा घेतो आणि विषय देतो ते 'मराठी भाषेचे भवितव्य' किंवा 'संतांची शिकवण' असे. अठरा वर्षांच्या मुलाने भवितव्यावर लिहावे तर तो ऐकलेलेच लिहिणार. मग आम्ही ऐकलेल्याला पारितोषिक देतो आणि नवी पिढी स्वतःचे काही लिहीत नाही म्हणून अध्यक्षीय भाषणात खंत व्यक्त करतो.

आता यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. संगणकावर प्रश्न टाकला की यंत्र क्षणार्धात नेटका निबंध लिहून देते. अनेक सहकारी यामुळे चिंतित आहेत. स्वाध्याय बंदच करावेत असेही काहींचे मत आहे. आम्हांस वाटते, यंत्राने आमची लबाडी उघडी पाडली आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर यंत्र देऊ शकते, तो प्रश्न आम्ही विद्यार्थ्याला का विचारत होतो? संस्कृतीचे निरूपण यंत्र करील. पण आपल्या अंगणातील पाटा कोणत्या बाजूने झिजला आहे, हे त्याला त्या घरातील मुलीनेच सांगावे लागेल. यंत्र अशा तपशिलांची थापही मारू शकेल, हे आम्ही जाणतो. म्हणूनच कच्चा मसुदा मागावा, वर्गात तोंडी विचारावे, शक्य असेल तर ती वस्तू, ते ठिकाण, ती माणसे पाहून यावीत.

व्यवहारात काय करता येईल? प्रथम, प्रश्न बदलावा. 'होळकरकालीन वास्तुकलेची वैशिष्ट्ये सांगा' याऐवजी 'राजवाड्यासमोर तासभर बसून जे पाहिले, त्यापैकी पुस्तकात नसलेल्या पाच गोष्टी लिहा आणि त्यांपैकी एकीचे कारण शोधा' असे विचारावे. त्याने वैशिष्ट्ये सुटत नाहीत. कारण शोधताना ती वाचावीच लागतात. दुसरे, गुण केवळ पक्क्या फाइलीला न देता मसुद्यांना, खाडाखोडीला, बदललेल्या मताला द्यावेत. तिसरे, शिक्षकाने वर्षातून एकदा तरी विद्यार्थ्यांसोबत तोच स्वाध्याय स्वतः लिहावा आणि वाचून दाखवावा. बेंद्रे शेजारी बसून रंगवीत, त्याचा हाच अर्थ आहे.

ऐंशी विद्यार्थ्यांच्या वर्गात हे कसे जमावे, ही अडचण खरी आहे. देवळालीकरांसमोर एवढी संख्या नव्हती. गुणदानात पक्षपात होईल ही भीतीही निराधार नाही. तयार उत्तर तपासणे न्याय्य वाटते, कारण ते मोजता येते. म्हणून सारा अभ्यासक्रम उलथून टाकावा असे आम्ही म्हणत नाही. सत्रातून एक स्वाध्याय असा असावा, तो दोन शिक्षकांनी तपासावा, आणि त्याचे निकष आधीच फळ्यावर लिहून द्यावेत. उरलेली परीक्षा मुंबईची राहिली तरी चालेल.

साहित्यसंस्थांनी तरी पुढच्या स्पर्धेचा विषय बदलून पाहावा. आपल्या घरांत अजून काही पाटे आहेत, काही आज्या आहेत, त्यांची 'करून राहिली' अशी मराठी आहे. ती उतरवून घेणारी नातवंडे महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांच्या वह्या आमच्यासमोर येतील तेव्हा लाल शाईची लेखणी उचलण्यापूर्वी त्या एकदा पुऱ्या वाचाव्यात, एवढा निश्चय आम्ही आमच्यापुरता केला आहे.